चिरा, बांधा, चोखा : सर्पदंशावरच्या तीन शब्दांचा सव्वाशे वर्षांचा इतिहास

१.
ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेस, कसारा घाट आणि माळशेज घाट यांच्या दरम्यान, सह्याद्रीच्या पायथ्याशी शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके पसरलेले आहेत. मुंबईला पाणी पुरवणारे तानसा आणि भातसा हे जलाशय याच भागातले. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांचे पाडे, भाताची खाचरे, आणि आषाढ लागला की गुडघाभर चिखलात चालणारी लावणी.

याच दिवसांत बिळांमध्ये पाणी शिरते आणि साप कोरड्या जागेच्या शोधात बांधावर, गवताच्या गंजीत, घराच्या कुडापाशी येतात. धान्यामागे उंदीर आणि उंदरामागे साप हा क्रम तर बारमाही आहे. माणूस अनवाणी शेतात उतरलेला असतो आणि रात्री जमिनीवर निजलेला असतो.

२.
दंश झाल्यावर पहिल्या अर्ध्या तासात घरातली माणसे काय करतात, यावर पुष्कळ काही ठरते. त्या अर्ध्या तासात कोणी ग्रंथ उघडत नाही. कधीतरी ऐकलेले, शाळेत वाचलेले किंवा भिंतीवर पाहिलेले एखादे वाक्य आठवते आणि हात त्याप्रमाणे चालतात.

महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांना आठवणारे वाक्य असे : वरच्या बाजूला घट्ट आवळून बांधा, दंशाच्या जागी चिरा द्या, विष चोखून थुंका.

आजचे वैद्यकशास्त्र या तिन्ही गोष्टींना ठाम नकार देते. तरीही वाक्य जिवंत आहे. ते आले कोठून, टिकले का आणि त्याच्या जागी दुसरे वाक्य आणण्यासाठी काय काय करावे लागले, याचा हा धागा.

३.
एकोणिसाव्या शतकात सर्पदंश हा ब्रिटिश सरकारच्या नोंदवहीतला मोठा विषय होता. शतकाच्या उत्तरार्धात सरकारी अहवालांत दरवर्षी सुमारे २० हजार मृत्यू नोंदले जात. सरकारचा एक उपाय होता मारलेल्या सापामागे बक्षीस देण्याचा.

शास्त्रीय बाजूने पाहिले, तर पॅट्रिक रसेल यांनी १७९६ मध्ये भारतीय सापांवर सचित्र ग्रंथ काढला. घोणस या सापाला इंग्रजीत त्यांचेच नाव मिळाले. पुढे १८७२ मध्ये जोसेफ फेअरर यांचा ‘थॅनॅटोफिडिया ऑफ इंडिया’ हा भव्य ग्रंथ आला. रंगीत चित्रे, प्राण्यांवरचे प्रयोग, रुग्णांच्या हकिगती, सगळे त्यात होते. खाचरातल्या माणसासाठी मात्र त्यात एकही ओळ नव्हती. ती अपेक्षाही त्या काळी कोणाची नव्हती.

४.
सामान्य माणसाच्या हाती देता येईल असा उपाय आला तो एका जांभळ्या रसायनाच्या रूपाने. १८८१ मध्ये ब्राझीलमधील लासेर्दा यांनी पोटॅशियम परमँगनेट सापाच्या विषावर उतारा असल्याचे मांडले. पटकीच्या साथीत विहिरीत टाकत असत तेच हे जांभळे खडे.

विष आणि परमँगनेट काचेच्या नळीत एकत्र केले की विष निष्प्रभ होते, हे खरेच होते. त्या आधारावर विसाव्या शतकाच्या आरंभी लॉडर ब्रंटन आणि लेनर्ड रॉजर्स यांनी एक छोटे साधन पुढे आणले. एका टोकाला लहानसे पाते आणि दुसऱ्या टोकाच्या पोकळ डबीत परमँगनेटचे खडे. कृती सोपी : वर आवळा, दंशाच्या जागी चिरा, खडे चोळा.

५.
आरोग्यसंदेश म्हणून या साधनाकडे पाहिले तर ते जवळजवळ आदर्श होते. स्वस्त, खिशात मावणारे, अक्षरओळख नसलेल्यालाही समजणारे. डॉक्टर लागत नाही, रुग्णालय लागत नाही. तीन क्रियापदांत सारी कृती संपते.

दोष एकच होता. काचेच्या नळीत जे घडते ते शरीरात घडत नाही. दातातून आत गेलेले विष चिरेपर्यंत पुढे सरकलेले असते. खडे त्याला गाठत नाहीत, उलट मांस जाळतात. चिरा रक्तस्राव वाढवतात, जंतुसंसर्गाला वाट देतात. घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रियाच बिघडते. अशा माणसाला चिरा देणे म्हणजे न थांबणारा रक्तस्राव ओढवून घेणे.

पुढच्या संशोधनाने परमँगनेट बाद ठरवले आणि खडे गेले. पाते आणि दोरी मात्र लोकांच्या स्मरणात राहिली.

६.
याच काळात खरा उपाय दुसऱ्या वाटेने येत होता. १८९४ मध्ये पॅरिसमध्ये फिझालिक्स व बेर्त्राँ यांनी एका बाजूने आणि आल्बेर काल्मेत यांनी दुसऱ्या बाजूने दाखवून दिले की, थोडे थोडे विष टोचून प्राण्याला सवय लावली तर त्याच्या रक्तद्रवात विषाचा प्रतिकार करणारे द्रव्य तयार होते. तो रक्तद्रव दुसऱ्याला टोचता येतो. प्रतिविषाचा जन्म इथला.

काल्मेत यांचा समज असा होता की, नागाच्या विषावर तयार केलेले प्रतिविष सगळ्याच सापांवर चालेल.

७.
तो समज खोडून काढण्यात परळचा वाटा होता. प्लेगच्या साथीत वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत काम सुरू केले आणि १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये त्यांची प्रयोगशाळा थाटली गेली. आजची हाफकिन संस्था ती हीच.

तेथे जॉर्ज लँब यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत प्रयोग केले. निष्कर्ष स्पष्ट निघाला : नागाविरुद्धचे प्रतिविष घोणशीच्या विषापुढे निरुपयोगी ठरते. ऑस्ट्रेलियात चार्ल्स मार्टिन हेच सांगत होते. प्रत्येक विषाला त्याचेच प्रतिविष लागते.

परळपासून शहापूर शंभर किलोमीटरच्या आत आहे. या निष्कर्षाला ते अंतर कापायला किती काळ लागला, हे पुढे दिसेल.

८.
इथे एक प्रश्न पडतो. चिरा आणि खडे निरुपयोगी होते, तर शहाण्यासुरत्या डॉक्टरांनाही ते गुणकारी का वाटले? मंत्र टाकणाऱ्या भगताकडे गेलेली बहुतेक माणसे बरी होऊन परत का येतात?

उत्तर साध्या हिशेबात आहे. २००७ च्या राष्ट्रीय सर्पदंश उपचारपद्धतीत दिलेले ढोबळ प्रमाण घ्यावे. सर्पदंशांपैकी सुमारे ७० टक्के बिनविषारी सापांचे असतात. विषारी सापांच्या दंशांतही सुमारे निम्म्या वेळाच अंगात विष भिनते.

म्हणजे १०० जणांना साप चावला, तर ७० जणांना चावलेला साप बिनविषारी. उरलेल्या ३० पैकी १५ जणांच्या अंगात विष भिनतच नाही. शंभरातले ८५ जण मंत्राने, मुळीने, चिंचोक्याने, परमँगनेटने किंवा काहीही न करता वाचणार. श्रेय मात्र ज्याने काही केले त्याला मिळणार.

९.
हाच हिशेब लंडनच्या डॉक्टरला चकवून गेला आणि हाच पाड्यावरच्या भगताला. एकाकडे पाते होते, दुसऱ्याकडे मंत्र. दोघेही प्रामाणिक असू शकतात, कारण दोघांच्या डोळ्यांसमोर बरे झालेले रुग्ण उभे असतात.

खरा प्रश्न असतो तो उरलेल्या १५ जणांचा. त्यांना प्रतिविष हवे असते आणि तेही वेळेत. उपाय खरा की खोटा हे ठरवण्यासाठी मोजणी लागते, तुलना लागते. संशोधन म्हणतात ते यालाच. ‘आमच्या गावात इतके जण बरे झाले’ या वाक्यात खोटे काहीच नसते, फक्त मोजणी अपुरी असते.

१०.
सापांविषयीचे ज्ञान सामान्य वाचकापर्यंत नेण्याचे प्रयत्न मुंबईतून लवकर सुरू झाले. लष्करी डॉक्टर फ्रँक वॉल यांचे विषारी साप कसे ओळखावेत यावरचे पुस्तक विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने काढले आणि त्याच्या पुढे आवृत्त्या निघत राहिल्या. खवले मोजून साप ओळखण्याची रीत त्यात होती. भाषा अर्थातच इंग्रजी, वाचक साहेब आणि शिकलेला नागरी वर्ग.

१९४० च्या दशकात हाफकिन संस्थेत बहुगुणी प्रतिविष तयार होऊ लागले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषांवर एकाच औषधाने उपचार होऊ लागला. साप ओळखता आलाच पाहिजे ही अट त्यामुळे बऱ्याच अंशी संपली. १९६५ मध्ये याच संस्थेतले पी. जे. देवरस यांचे ‘स्नेक्स ऑफ इंडिया’ हे पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने सामान्य वाचकासाठी प्रसिद्ध केले.

११.
मराठीत मात्र एका शब्दाने घोटाळा करून ठेवला. प्रतिविषाला सर्रास ‘सर्पदंशाची लस’ म्हटले जाते. वर्तमानपत्रांतही तोच शब्द येतो.

लस म्हणजे रोग होण्याआधी टोचायची आणि पुढे बराच काळ पुरणारी. देवीची, पोलिओची, गोवराची. प्रतिविष याच्या नेमके उलट आहे. ते दंशानंतरच द्यायचे, विष भिनल्याची लक्षणे दिसली तरच द्यायचे आणि त्याचा परिणाम त्या एका प्रसंगापुरताच. एकदा घेतले म्हणून पुढच्या वर्षी संरक्षण मिळत नाही. बहुतेकदा एका कुपीने भागतही नाही, एकामागून एक अनेक कुप्या शिरेतून द्याव्या लागतात.

‘लस टोचली’ एवढे ऐकून रुग्णाला लगेच घरी नेण्याची घाई नातेवाइकांना झाली, तर चूक त्यांच्या समजुतीची की शब्दाची? सोपा शब्द आणि अचूक शब्द यांत निवड कशी करायची, हा सोप्या भाषेत आरोग्य लिहिणाऱ्यापुढचा पहिला पेच असतो. प्रतिविष हा शब्द थोडा जड आहे, पण तो फसवत नाही.

१२.
कोकणातलेच एक उदाहरण वेगळा धडा देते. १९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने मुले डोळ्यांदेखत दगावत होती. हृदय निकामी होऊन फुफ्फुसात पाणी साचते हे त्यांनी रुग्णाशेजारी बसून टिपले आणि १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या लंडनच्या नियतकालिकात त्यांची निरीक्षणे छापून आली.

१९८६ मध्ये त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीचा उपयोग याच नियतकालिकात मांडला. गंभीर रुग्णांतले मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३ टक्क्यांच्या आसपास उतरले. २०२२ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर यांना पद्मश्री मिळाली.

संशोधन खेड्यातल्या खाटेवर जन्मले आणि लंडनला छापले गेले. डॉक्टरांना त्याने गोळी दिली. पण ज्याच्या अंगणात विंचू होता, त्याला त्यातून एकच वाक्य हवे होते : घाम सुटला, हातपाय गार पडले, उलट्या झाल्या, तर उताऱ्यात वेळ न घालवता दवाखाना गाठा. हे वाक्य ‘लॅन्सेट’च्या पानावर नसते. ते कोणीतरी वेगळे लिहावे लागते.

१३.
सोपे वाक्य लिहिताना आणखी एक खड्डा असतो. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या स्ट्रुअन सदरलँड यांनी दंश झालेला हात किंवा पाय रुंद पट्टीने ठरावीक दाबाने गुंडाळून स्थिर ठेवण्याची पद्धत मांडली. तिथल्या सापांसाठी ती योग्य ठरली आणि जगभरच्या प्रथमोपचार-पुस्तकांत शिरली.

भारतात परिस्थिती निराळी आहे. घोणस आणि फुरसे यांचे विष दंशाच्या जागचे मांस सडवते. तिथेच ते दाबून धरले तर हानी वाढण्याची भीती असते. शिवाय नेमका दाब साधणे अननुभवी हाताला जमत नाही आणि पट्टीची पुन्हा दोरी होते. म्हणून भारतीय मार्गदर्शक सूचनांनी ही पद्धत सरसकट स्वीकारली नाही.

एका देशातले खरे संशोधन दुसऱ्या देशात चुकीची सूचना ठरू शकते. भाषांतर अचूक होते, भूगोल वेगळा होता.

१४.
२००७ मध्ये भारतासाठी राष्ट्रीय सर्पदंश उपचारपद्धती तयार झाली. प्रथमोपचार लक्षात राहावा म्हणून तिने इंग्रजी ‘राइट’ या शब्दाची युक्ती योजली. त्या शब्दातल्या अक्षरांवरून चार सूचना : धीर द्या, अवयव हलू देऊ नका, रुग्णालयात न्या, लक्षणे डॉक्टरांना सांगा.

इंग्रजीत युक्ती चपखल बसते. मराठीत आणताच अक्षरे गळून पडतात आणि उरतात चार कोरडी वाक्ये. त्यांच्यासमोर उभे आहे ‘बांधा, चिरा, चोखा’. तीन शब्द, तिन्ही आज्ञार्थी, तिन्ही हाताला काम देणारे.

धीर द्या, हलवू नका, हे ऐकायला काहीच न करण्यासारखे वाटते. समोर माणूस मरणाच्या भीतीने थरथरत असताना काहीच करू नका असे सांगणारे वाक्य हरते. नव्या वाक्यानेही हाताला काम द्यायला हवे : जोडवी, अंगठी, बांगड्या काढा. हाड मोडल्यावर बांधतो तशी काठी लावून पाय सैलसर बांधा. चालवू नका, उचलून न्या. दंशाची वेळ ध्यानात ठेवा.

१५.
मग प्रश्न आला आकड्यांचा. सर्पदंशाने देशात किती माणसे मरतात? रुग्णालयांच्या नोंदी दोन-एक हजारांच्याही आतबाहेर घुटमळत होत्या. पण जो माणूस रुग्णालयात पोहोचलाच नाही, तो रुग्णालयाच्या वहीत कसा येणार?

‘मिलियन डेथ स्टडी’ या मोठ्या पाहणीत वेगळा मार्ग घेतला गेला. देशभरातल्या निवडक वस्त्यांतील ज्या घरांत मृत्यू झाला, तिथे जाऊन शेवटच्या आजाराची हकीगत घरच्यांच्या तोंडून लिहून घेतली आणि ती डॉक्टरांनी वाचून मृत्यूचे कारण ठरवले. सर्पदंशाविषयीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. २००५ या वर्षातील मृत्यूंचा अंदाज निघाला ४५,९००. रुग्णालयांच्या अधिकृत आकड्याच्या ३० पटींहून अधिक.

१६.
त्या शोधनिबंधाच्या सारांशात वयानुरूप प्रमाणित दर आहेत, ९९ टक्के विश्वासार्हतेची मर्यादा आहे, राज्यवार तुलना आहे. संशोधकाला हे सगळे लागते. पण ज्यांनी आपल्या घरातल्या मृत्यूची हकीगत सांगितली, त्यांना त्यांच्याच भाषेत तो निबंध सांगायचा झाला तर तो असा होईल :

‘सापामुळे देशात एका वर्षात सुमारे ४६ हजार माणसे गेली. हा अंदाज आहे. खरा आकडा बहुधा ४१ हजार ते ५१ हजार यांच्या दरम्यान असावा. शंभरातले ९७ मृत्यू खेड्यांतले. सर्वाधिक मृत्यू जून ते सप्टेंबर या महिन्यांत. मरणाऱ्या चौघांपैकी तिघे रुग्णालयाच्या बाहेर मेले.’

मूळ निबंधातला रुग्णालयातील मृत्यूंचा आकडा २३ टक्के आहे. ‘चौघांपैकी तिघे’ ही त्याचीच दुसरी बाजू. कमी काहीच झाले नाही, फक्त आकडा माणसांत मोजला गेला. आणि ‘हा अंदाज आहे’ हे वाक्य सोपेपणासाठी गाळले नाही, हेही महत्त्वाचे. परमँगनेटच्या साधनासोबत ‘हे अजून सिद्ध व्हायचे आहे’ इतके लिहिलेले असते, तर पुढचा इतिहास कदाचित वेगळा झाला असता.

१७.
१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. शहापूर आणि मुरबाड ठाण्यात राहिले, डहाणू पालघरमध्ये गेले. जिल्ह्याची रेघ बदलली, तरी भातखाचरे, आदिवासी पाडे, भगतावरचा विश्वास आणि दवाखान्याचे अंतर यांत रेघेच्या दोन्ही बाजूंना पुष्कळ साम्य राहिले.

याच डहाणू तालुक्यात परळच्या राष्ट्रीय प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्थेच्या संशोधकांनी सर्पदंशाविषयीच्या समजुतींचा अभ्यास केला. डॉ. हिंमतराव बावस्कर त्यात सहभागी होते. निबंध २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. संशोधकांनी आदिवासी गावकरी, आशा कार्यकर्त्या, भगत, सर्पमित्र आणि वैद्यकीय अधिकारी या सर्वांना बोलते केले.

१८.
लोकांकडून समजले ते असे : दंशाच्या जागी चिंचोका किंवा लोहचुंबक लावले की विष उतरते, असा समज होता. विषारी आणि बिनविषारी साप यांतला फरक पुरेसा ठाऊक नव्हता.

पण अभ्यासाने आरसा दोन्ही बाजूंना धरला. वैद्यकीय अधिकाऱ्यांपैकी सुमारे एकतृतीयांश जणांना मण्यारीच्या दंशाची लक्षणे नीट ठाऊक नव्हती.

ही बाब फार बोलकी आहे. ‘अडाणी लोकांना समजावून सांगा’ एवढ्यावर जनजागृतीची कल्पना बहुधा थांबते. इथे दिसले की समजावून सांगणाऱ्यालाही समजावून घ्यायचे आहे. सोपा सारांश पाड्यासाठी लागतो तसाच तो दवाखान्यातल्या टेबलासाठीही लागतो.

१९.
मण्यारीचेच उदाहरण घेऊ. ती रात्री फिरते. जमिनीवर निजलेल्या माणसाला चावते. दात बारीक असल्याने खूण दिसत नाही, सूज येत नाही, कित्येकदा वेदनाही होत नाही. पहाटे पोटात कळ येते, घसा आवळल्यासारखा होतो, पापण्या जड होऊन मिटू लागतात, आणि नंतर श्वास थांबतो. घरच्यांना वाटते रात्रीचे जेवण बाधले.

शास्त्रीय भाषेत याला ‘चेतासंस्थेवरील विषबाधेमुळे होणारा अधोगामी पक्षाघात’ म्हणता येईल. त्याने कोणाचाही जीव वाचत नाही. उपयोगी वाक्य असे : ‘पावसाळ्यात जमिनीवर निजलेला माणूस पहाटे पोट दुखते म्हणाला आणि त्याच्या पापण्या उघडत नसतील, तर साप दिसला नसला तरी सर्पदंश समजा आणि रुग्णालयात न्या.’

अशा वाक्यामागे कित्येक वर्षांचे संशोधन उभे असते. वाचणाऱ्याला ते दिसण्याची गरज नसते.

२०.
नावांचाही प्रश्न येतोच. घोणस जहाल विषारी. ‘डुरक्या घोणस’ मात्र बिनविषारी, आणि अंगावरचे ठिपके दोघांचेही फसवे. सापाची नावे तर दर काही कोसांवर बदलतात. भित्तिपत्रकावर ‘घोणस’ छापून काम भागत नाही. त्या वस्तीत तिला काय म्हणतात हे आधी विचारावे लागते.

आणि भगत? त्याला शत्रू ठरवणारे पत्रक पाड्यावर पहिल्याच दिवशी निकामी होते. शंभरातले ८५ जण त्याच्या हातून बरे झालेले लोकांनी पाहिले आहेत. त्याला सोबत घेतले आणि ‘आधी गाडी, मग मंत्र’ इतके त्याच्याकडून वदवून घेता आले, तर उरलेल्या १५ जणांना वेळ मिळतो.

२१.
जगात इतरत्रही हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत पुढे येत होता. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कोक्रेन या संस्थेने आपल्या वैद्यकीय आढाव्यांसोबत सामान्य वाचकासाठी सोप्या भाषेतला सारांश जोडण्याची प्रथा पाडली. युरोपीय संघाने २०१४ च्या नियमाने औषधचाचण्यांचे निष्कर्ष सामान्यांना समजेल अशा रूपात देणे बंधनकारक केले. वैद्यकीय संशोधनाच्या नीतिमूल्यांविषयीच्या हेलसिंकी जाहीरनाम्याच्या २०१३ च्या आवृत्तीत म्हटले आहे की, संशोधनात सहभागी झालेल्यांना त्याचे निष्कर्ष जाणून घेण्याचा पर्याय मिळायला हवा.

हा उपकार नाही, हक्क आहे, अशी ही भूमिका. ज्याने आपल्या घरातला मृत्यू संशोधकाला सांगितला, त्याला त्या संशोधनाचे उत्तर परत मिळाले पाहिजे.

२२.
२०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत स्थान दिले आणि २०१९ मध्ये त्याचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचे लक्ष्य ठेवले. २०२० मध्ये मिलियन डेथ स्टडीच्या पुढच्या विश्लेषणाने सांगितले की, २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने गेली असावीत, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. मार्च २०२४ मध्ये भारत सरकारने राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला.

सव्वाशे वर्षांपूर्वी परळच्या प्रयोगशाळेत जे कळू लागले होते, ते गावाच्या चावडीपर्यंत नेणे हा आता सरकारी आराखड्याचा भाग झाला.

२३.
तरीही वाक्याच्या ताकदीला मर्यादा आहेत. ‘ताबडतोब रुग्णालयात न्या’ हे वाक्य लिहिणाऱ्याने गृहीत धरलेले असते की रस्ता आहे, रात्री वाहन मिळते, १०८ ची रुग्णवाहिका वेळेत पोहोचते, केंद्रात प्रतिविष आहे आणि ते द्यायला धजावणारा डॉक्टर जागेवर आहे. यातली एकही गोष्ट नसेल, तर तेच वाक्य लोकांना खोटे वाटू लागते. दोनदा हेलपाटा पडलेला माणूस तिसऱ्यांदा भगताकडे जातो आणि त्याला अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणाला उरत नाही.

म्हणून चांगल्या सारांशात आणखी एक माहिती लागते : प्रतिविष कोणत्या दवाखान्यात मिळते आणि तिथे कसे जायचे. सरकारी रुग्णालयात ते मोफत आहे, हेही. ही ओळ कोणत्याही शोधनिबंधात सापडत नाही. ती त्या त्या तालुक्यात बसूनच लिहावी लागते आणि दरवर्षी तपासावी लागते.

२४.
या इतिहासात चुकलेली माणसे मूर्ख नव्हती. रॉजर्स आणि ब्रंटन यांना जीवच वाचवायचे होते. त्यांनी सोप्या भाषेत सांगितले, लोकांनी ते ऐकले, जपले आणि पुढच्या पिढीला दिले. पुढे शास्त्राने मत बदलले, पण ते बदलल्याची वार्ता तितक्याच सोप्या भाषेत कोणी पाठवली नाही. परमँगनेटचे खडे केव्हाच इतिहासजमा झाले, आणि दोरी अजूनही आवळली जाते.

आषाढातल्या एखाद्या रात्री मुरबाडच्या पाड्यावर कोणी दोरी शोधायला धावत असेल, तर त्याच्या हातून शंभर वर्षांपूर्वीचे एक वैद्यकीय मतच काम करत असते. त्याला अडवायचे असेल तर त्याच्या भाषेतले, त्याच्या हाताला काम देणारे आणि खरे असलेले दुसरे वाक्य त्याच्यापर्यंत आधीच पोहोचलेले असायला हवे.

दोरी नको. चिरा नको. काठी लावा, उचला, निघा.